शिडी न लागणारं विमान

"एक पाकळी जरी दिसली, तरी उद्याचं उड्डाण मी स्वतः रद्द करीन," हळबे म्हणाले.

फोरमन थोरवे त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. झेंडूची माळ त्यांच्या मागच्या फिटरच्या हातात होती, आणि ती इतकी लांब होती की निम्मी त्याच्या पायाशी पडली होती. खंडेनवमीची सकाळ होती. हँगरमधल्या प्रत्येक यंत्राला एव्हाना कुंकू लागलं होतं.

"साहेब, लेथला माळ झाली, ड्रिलला माळ झाली, कँटीनच्या सुरीलासुद्धा कुंकू लावलंय. ज्याच्यासाठी एवढं सगळं चाललंय, ते तेवढं कोरडं ठेवायचं?"

"कोरडं ठेवायचं."

"चाकाला एक बोट लावू."

"चाकाला नाही, पंखाला नाही, कुठेच नाही. इकडे या. वैशंपायन, तुम्हीही या. उद्या पेपरात लिहाल, हळबे धर्मबुडवा आहे म्हणून. त्याआधी कारण पाहून घ्या."

आम्ही विमानाच्या नाकाशी गेलो. डाव्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, बोटाएवढी एक नळी पुढे आली होती. तिच्या टोकाला भोक होतं.

"थोरवे, ही काय करते ते यांना सांगा."

"विमान पळायला लागलं की हिच्यात वारा शिरतो," थोरवे मला म्हणाले. "जेवढा वेग, तेवढा वाऱ्याचा दाब. त्यावर आत पायलटचा काटा हलतो. ही कॅप्टनची. पलीकडे अशीच दुसरी आहे, ती त्याच्या जोडीदाराची."

"आणि भोक बुजलं तर?" मी विचारलं.

"काटा झोपून राहतो."

"आणि हे इथे झेंडू घेऊन आले आहेत," हळबे म्हणाले.

शेवटी तडजोड झाली. विमानाला ओढणारा जो ट्रॅक्टर होता, त्याची पूजा करायची. माळ त्याला, कुंकू त्याला, आणि दसऱ्याच्या दिवशी उड्डाणाआधी नारळही त्याच्याच हुकावर. थोरवेंनी मान डोलावली. फिटरने माळ गोळा केली आणि तो ट्रॅक्टरकडे गेला.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. संपादकांनी मला दोन दिवसांसाठी माळरानावरच्या या कारखान्यात पाठवलं होतं. देशातल्या देशात, लहान अंतरावर जाणारं जेट विमान तिथे तयार झालं होतं. त्याचं नाव भारद्वाज. कारखान्याच्या मालकांना पायाभरणीच्या दिवशी भारद्वाज पक्षी दिसला होता, तो शकून म्हणून हे नाव ठेवलं. हा पक्षी उडतो कमी आणि झुडपांतून चालतो जास्त, असं मुख्य अभियंता श्रीनिवास हळबे यांनी लेखी कळवलं होतं. नाव तेच राहिलं.

हळबेंनी या विमानावर आठ वर्षं घालवली होती. त्यांचा एकच सिद्धान्त होता आणि तो ते भेटेल त्याला ऐकवत. मोठी जेट विमानं मोठ्या शहरांसाठी असतात. तिथे उंच शिड्या असतात, माणसं असतात. आपल्या लहान गावांच्या धावपट्टीवर एक पत्र्याची शेड आणि एक चौकीदार असतो. म्हणून विमान बुटकं हवं. पायऱ्या त्याच्या पोटातूनच निघाल्या पाहिजेत. दुरुस्तीची प्रत्येक जागा जमिनीवर उभ्या माणसाच्या हाताला लागली पाहिजे. "या विमानाला शिडी लागत नाही," असं ते म्हणत, आणि मुलगी परीक्षेत पहिली आली हे सांगताना बाप जसा थांबतो तसे थांबत.

विमान उडत होतं. चाचण्या झाल्या होत्या. पण ते विकत घेणार कोण, हे ठरायचं होतं. देशांतर्गत विमान कंपनीच्या निवड समितीसमोर दोन पर्याय होते: हे, आणि एक परदेशी. समिती दसऱ्याला येऊन भारद्वाजमध्ये बसून पाहणार होती. नकार आला, तर मालकांनी दुसरी योजना तयार ठेवली होती. त्याच हँगरमध्ये बसच्या बॉड्या बांधायच्या.

अडचण हळबेंच्या जिभेची होती. दोन वर्षांपूर्वी आलेल्या पहिल्या समितीतल्या एका सदस्याने विचारलं होतं, याचे पंखे कुठे दिसत नाहीत ते. जेट इंजिनाला बाहेर पंखा नसतो हे सांगायचं सोडून हळबे म्हणाले, "पंखा पाहायचा असेल तर वर छताला आहे." ती समिती जेवण न करता गेली होती.

"उद्या तुम्ही फक्त आकडे बोला," कॅप्टन मंडलिक त्यांना त्या संध्याकाळी माझ्यादेखत म्हणाले. मंडलिक कोल्हापूरचे, हवाई दलातून निवृत्त झालेले, विमानाचे चाचणी वैमानिक. "आकड्याला राग येत नाही."

"आणि अध्यक्षांनी मूर्खासारखं विचारलं तर?"

"तर आकडा जरा मोठ्यानं बोला."

अध्यक्षांचं नाव चक्रदेव. त्यांना मी पुण्यात एकदा पाहिलं होतं. रेल्वेत आयुष्य घालवून ते विमान कंपनीत आले होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कोणत्याही गोष्टीचं कारण लेखी मागण्याची सवय. ते परदेशी विमानाच्या बाजूचे आहेत असं सगळे म्हणत. कशावरून, असं मी दोघातिघांना विचारलं. त्यांनी सांगितलं, ते कधी हसत नाहीत यावरून.

दसऱ्याला सकाळी समितीच्या दोन मोटारी आल्या. चक्रदेव पहिल्या मोटारीतून उतरले. बंद गळ्याचा कोट होता, काळी टोपी होती, आणि टोपीत घटाचा तुरा खोवलेला होता. पिवळसर कोंबांची छोटी जुडी, दोऱ्याने बांधलेली. सणाच्या दिवशी घरातून निघालेल्या माणसाची एवढीच खूण त्यांच्या अंगावर होती. मालकांनी पुढे होऊन आपट्याची पानं दिली. चक्रदेवांनी ती घेतली, कोटाच्या खिशात ठेवली, आणि विचारलं, "धावपट्टीची लांबी किती?"

हळबेंनी आकडा सांगितला.

"आणि याला लागते किती?"

हळबेंनी दुसरा आकडा सांगितला. मंडलिकांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. गाडी रुळावर होती.

चक्रदेवांनी विमानाभोवती एक पूर्ण फेरी घातली. चाकाजवळ वाकून पाहिलं. इंजिनाच्या तोंडात पाहिलं. हळबे त्यांच्या मागे चालत होते.

"फार बुटकं आहे," चक्रदेव म्हणाले.

हळबेंचे कान लाल झाले.

"बुटकं आहे म्हणून शिडी लागत नाही," ते म्हणाले. "प्रवाशाला नाही, मेकॅनिकला नाही. सगळं हाताच्या अंतरावर आहे. हात वर करून पाहा साहेब."

चक्रदेवांनी खरोखरच हात वर केला. तो खिडकीच्या वरपर्यंत पोचला. त्यांनी तो खाली घेतला आणि ते पुढे गेले.

मग कॅप्टन मंडलिकांनी त्यांची स्वतःची फेरी घातली, दोन्ही नळ्यांवरची लाल फितीची टोपणं थोरवेंकडून काढून घेतली, भोकांत डोकावून पाहिलं, आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले. विमानापुढे ट्रॅक्टर सजून उभा होता. फिटरने त्याच्या हुकावर नारळ फोडला. थोरवे त्या वेळी दूर, हँगरच्या दाराशी उभे होते, याची मी मनात नोंद घेतली होती. आदल्या दिवशी पूजेसाठी एवढं भांडलेला माणूस नारळाच्या वेळी लांब का, ते कळलं नाही. सगळ्यांच्या नजरा नारळाकडे होत्या, कारण तो पहिल्या फटक्याला फुटला नाही. तिसऱ्याला फुटला. मालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही विमानाच्या पोटातल्या पायऱ्या चढून आत गेलो. चक्रदेव सर्वांत शेवटी आले.

माझी जागा त्यांच्या शेजारी होती. त्यांनी पट्टा बांधला, तो ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, आणि टोपीच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

"तुम्ही पुष्कळदा विमानात बसला असाल," मी म्हणालो.

"कामापुरता. मी रेल्वेचा माणूस. तिथे खाली जमीन असते."

इंजिनांचा आवाज वाढला. विमान धावू लागलं. खिडकीतून माळावरची बाभळीची झाडं मागे जाऊ लागली, मग त्यांची एक रेघ झाली. पुढे हळबे जागेवरून अर्धवट उठून वैमानिकांच्या उघड्या दारातून आत पाहत होते. आता नाक उचलणार, असं वाटलं आणि तेवढ्यात कोणीतरी मागून जोरात ढकलावं तसे आम्ही सगळे पुढे गेलो. टायर किंचाळले. मालकांनी वाटण्यासाठी आणलेला पेढ्यांचा पुडा मधल्या वाटेवरून घरंगळत वैमानिकांच्या दारापर्यंत गेला. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला येऊन थांबलं. इंजिनं शांत झाली.

समितीतला एक सदस्य मागच्या रांगेतून हळूच म्हणाला, "भारद्वाजच तो. चालला."

मंडलिक दारात आले. "माफ करा. एक काटा काम करत नव्हता. माझा शून्यावर, जोडीदाराचा शंभराच्या पुढे. दोघांत खरा कोण हे वर जाऊन ठरवायचं नसतं. ब्रेक तापलेत. तासभर थांबावं लागेल."

"कारण?" चक्रदेवांनी विचारलं.

"पाहून सांगतो."

हळबे आधीच खाली उतरले होते. मी त्यांच्या मागे उतरलो, मंडलिक माझ्या मागे. हँगरकडून ट्रॅक्टर पळत येत होता, झेंडूच्या माळेसकट, आणि त्यावर थोरवे उभे होते. ते उडी मारून नाकाशी आले, डाव्या नळीत डोकावले, आणि तसेच थांबले.

"काय आहे?" हळबेंनी विचारलं.

थोरवेंनी खिशातून चिमटा काढला. आधी एक पिवळा कोंब बाहेर आला. मग दोन. मग दोऱ्याने बांधलेली सगळी जुडीच आली. त्यांनी ती हळबेंच्या तळहातावर ठेवली.

"घटाचा तुरा," थोरवे म्हणाले.

"थोरवे."

"साहेब, मी नाही."

"काल एक बोट कुंकू मागत होतात. आज डायरेक्ट तुरा."

"माझ्या घरी घटच नाही यंदा. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चुलते गेले, सुतक लागलं. काल माळेला हात लावला का मी? आज नारळाला लावला?"

हळबे त्यांच्याकडे पाहत राहिले. "सुतकात असताना माझ्याशी एवढा वाद घातलात?"

"पोरांसाठी घातला. सुतक मला आहे साहेब, कारखान्याला नाही."

"मग हा कुणाचा?"

मंडलिक तुऱ्याकडे पाहत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"वैशंपायन, तुमची नजर बारीक. सकाळी तुरा कुणाच्या टोपीत होता?"

मी वर पाहिलं. चक्रदेव विमानाच्या वरच्या पायरीवर उभे होते. काळी टोपी होती. तिच्यात काही नव्हतं.

चौघांनीही एकदमच पाहिलं आणि एकदमच नजर खाली घेतली.

"आता काय?" मंडलिक पुटपुटले. "खरं सांगितलं तर अध्यक्षांचं नाक कापलं. नाही सांगितलं तर विमान बिघडलं म्हणून नोंद."

"खरंच सांगणार," हळबे म्हणाले. त्यांचे कान पुन्हा लाल होऊ लागले होते. "आठ वर्षं मी या माणसांना—"

"साहेब," थोरवे म्हणाले, "आकडे बोला."

"याचा आकडा कुठला?"

तोपर्यंत चक्रदेव पायऱ्या उतरून आमच्यापर्यंत आले. समितीचा सचिव वही घेऊन मागोमाग आला.

"कारण कळलं?"

"कळलं," हळबे म्हणाले.

"यंत्रात दोष आहे?"

"नाही."

"मग कारण सांगा. लेखी नोंद करावी लागेल."

सचिवाने पेन उघडलं. हळबेंनी तोंड उघडलं. थोरवेंनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले असते, पण माझं काम पाहण्याचं होतं, म्हणून मी पाहिलं. हळबेंच्या तोंडात वाक्य तयार होतं, ते त्यांच्या जबड्यावरून दिसत होतं. त्यांनी ते गिळलं. मग त्यांनी मूठ पुढे करून उघडली.

"साहेब, हा तुमचा तुरा. पडला होता."

चक्रदेवांनी तळहाताकडे पाहिलं. मग नळीकडे पाहिलं. मग पुन्हा तळहाताकडे.

"कुठे पडला होता?"

रेल्वेतल्या माणसाला नेमकी जागा लागते. हळबे म्हणाले, "विमानाच्या वाटेत."

ट्रॅक्टरवरची माळ वाऱ्याने हलत होती.

"वाटेत," चक्रदेव म्हणाले. मग सचिवाकडे न वळता, सावकाश, शब्द मोजून बोलले. "लिहा. बाहेरच्या वस्तूचा अडथळा. यंत्रात दोष नाही. अडथळा काढला. तासाभराने पुन्हा उड्डाण. वैमानिकाने वेळीच थांबवलं, तेही लिहा."

"अडथळा कशाचा, ते लिहू?" सचिवाने विचारलं.

"लहान होता," चक्रदेव म्हणाले. त्यांनी तुरा उचलला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि ते सावलीत जाऊन उभे राहिले.

हळबे धावपट्टीच्या कडेला बसले. त्यांना घाम फुटला होता. मंडलिकांनी त्यांच्या शेजारी बसून घरंगळलेल्या पुड्यातला एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

"जमलं की तुम्हाला," ते म्हणाले.

"आयुष्यात पहिल्यांदा," हळबे म्हणाले. "पोटात दुखतंय."

तासाभराने आम्ही पुन्हा बसलो. या वेळी आम्ही विमानात चढत असताना थोरवे नाकाशी उभे राहिले आणि शेवटचा माणूस आत जाईपर्यंत हलले नाहीत. चक्रदेवांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि किंचित मान लववली. मग पट्टा बांधला, ओढून पाहिला.

विमान धावलं. बाभळींची पुन्हा रेघ झाली. मग ती रेघ खाली गेली आणि माळ तिरपा झाला. चक्रदेवांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले होते. बोटं पांढरी पडली होती. ढगांच्या वर आल्यावर ती हळूहळू सुटली.

"आमच्याकडे घरातून सांगितलं होतं," ते समोर पाहत म्हणाले. आवाज इतका हळू होता की मला त्यांच्याकडे कलावं लागलं. "वाहनाला तुरा खोवायचा. सगळे नारळाकडे पाहत होते. मोटारीला जागा असते, तार असते, काहीतरी असतं. इथे सगळं गुळगुळीत. एकच जागा दिसली."

"हाताला लागली," मी म्हणालो.

"लगेच."

ढगांच्या फटीतून खाली नदीचं एक वळण चमकून गेलं.

"साहेब, एक विचारू? सरकारी कामाला जाताना तुम्ही दर वेळी असा तुरा खोवता?"

"छे. आपल्या घरच्या वाहनाला खोवतात. दुसऱ्याच्या मोटारीला कोण खोवतं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती पुसू लागले.

"म्हणजे समितीचा निर्णय—"

"निर्णय उड्डाणानंतर होईल. हे छापू नका."

मी छापलं नाही. संध्याकाळी फोनवरून बातमी दिली, त्यात लिहिलं की तांत्रिक कारणाने उड्डाण तासभर उशिरा झालं आणि नंतर ते सुरळीत पार पडलं. उपसंपादकाने विचारलं, तांत्रिक कारण कोणतं. मी म्हणालो, लहान होतं.

महिन्याभराने समितीचा अहवाल आला. भारद्वाज घ्यावं, अशी शिफारस होती. विमानात एकच बदल सुचवला होता. वेग मोजणाऱ्या नळ्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या वर बसवाव्यात. हळबेंनी ते वाचलं आणि अहवाल टेबलावर आपटला, असं मंडलिकांनी मला सांगितलं. "म्हणजे ती नळी पुसायला शिडी लागणार," ते म्हणत राहिले. तीन दिवस ते कोणाशी नीट बोलले नाहीत. चौथ्या दिवशी नळ्या वर गेल्या. हँगरमध्ये एक शिडी आली. ती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवण्याचा हळबेंचा हुकूम होता.

भारद्वाज बरीच वर्षं उडालं. पत्र्याच्या शेडच्या गावांना गेलं. पुढे मोठी विमानं आली आणि याची गरज संपली. तेव्हा पहिलं भारद्वाज कारखान्याच्या फाटकाशी चौथऱ्यावर उभं करायचं ठरलं. इंजिनं काढून घेतली होती. समारंभ दसऱ्याला होता. मी तोपर्यंत निवृत्त झालो होतो, पण बोलावणं आलं, गेलो. हळबे आले होते, काठी टेकत. थोरवेंचे केस पांढरे झाले होते. मंडलिक नव्हते, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

भाषणं संपली. माणसं चहाकडे वळली. विमानाच्या नाकाखाली एक म्हातारा एकटाच उभा राहिला. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. त्याने टोपीतून काहीतरी काढलं, टाचा उंचावल्या, हात वर केला. हात पोचला नाही.

हळबे त्याच्याकडे गेले. आम्हीही मागोमाग गेलो.

"पोचत नाही," चक्रदेव म्हणाले.

"पोचू नये ही तुमचीच सूचना," हळबे म्हणाले. "लेखी आहे."

"माझ्या लक्षात आहे."

दोघेही वर नळीकडे पाहत राहिले. मग चक्रदेव म्हणाले, "आता कुठे उडायचं आहे त्याला."

हळबेंनी काठीवरचा हात बदलला. त्यांचे कान लाल झाले नाहीत.

"थोरवे," ते म्हणाले, "शिडी आणा."